दारावरची पाटी

(‘प्रेम, लग्न आणि राज्यसंस्था’ या विषयावर गटाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप.)

‘एक ज्यू बाई आणि तिचा जर्मन नवरा’ असं आजच्या पत्रकावर वाचून दोघीतिघींनी मला मघाशीच विचारलं, ‘आज काय, प्रेमकथा सांगणार?’ हो, प्रेमकथाच सांगणार आहे. पण सुरुवातीलाच एक विनंती करते. प्रेमकथा ऐकताना आपल्या मनात ठरलेला प्रश्न असतो : त्याचं तिच्यावर खरंच प्रेम होतं का? आज तो प्रश्न थोडा बाजूला ठेवू या. एका बाईचं जिवंत राहणं एका पुरुषाच्या प्रेमावर अवलंबून राहील, अशी व्यवस्था कोणी आणि कशी तयार केली, हा आजचा प्रश्न आहे.

तिचं नाव डॉक्टर लिली यान. माहेरचं आडनाव श्लुख्टरर. १९०० साली कोलोन शहरात जन्मली. घर सुखवस्तू, उदारमतवादी ज्यू. मुलींना शिकवायचं हे त्या घरात ठरलेलंच होतं. जर्मन विद्यापीठांची दारं मुलींना उघडून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, त्या काळात ही मुलगी वैद्यकशास्त्र शिकली आणि १९२४ साली डॉक्टर झाली. पुढे नाझींनी ‘ज्यू’ आणि ‘जर्मन’ हे दोन शब्द एकमेकांच्या विरोधात उभे केले, म्हणून आपणही ‘ज्यू बाई, जर्मन नवरा’ असं बोलून जातो. पण लिली एर्न्स्टइतकीच जर्मन होती. तिची भाषा, पुस्तकं, संगीत, सगळं जर्मनच होतं.

एर्न्स्ट यान हाही डॉक्टर, साधारण तिच्याच वयाचा, प्रॉटेस्टंट. त्या दोघांमधल्या पत्रांपैकी लिलीची पत्रं उरली आहेत. त्यावरून दिसतं की हे लग्न सहज जुळलेलं नव्हतं. एर्न्स्ट उदास प्रकृतीचा, दोन मनांचा. त्याच्या मनात दुसऱ्या एका स्त्रीचाही विचार होता. लिली मात्र ठाम. ती त्याला धीर देते, समजून घेते, त्याच्या अनिश्चिततेचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेते. भावनिक श्रम म्हणून आपण ज्याबद्दल नेहमी बोलतो, ते या नात्यात पहिल्या दिवसापासून तिच्याच वाट्याला आलेले दिसतात. हा धर्माबाहेरचा जावई तिच्या घरच्यांनाही सहजी पटला नाही. तरी १९२६ साली लग्न झालं. दोघं कासेल शहराजवळच्या इम्मेनहाउझेन नावाच्या लहान गावी राहायला गेली आणि दोघांनी मिळून दवाखाना चालवला. पुढे पाच मुलं झाली : एक मुलगा, चार मुली. मुलांचा बाप्तिस्मा प्रॉटेस्टंट पद्धतीने झाला.

इथपर्यंत ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही आंतरधर्मीय लग्नासारखीच वाटते. पण त्या काळचा जर्मन विवाह कायदा आधी पाहायला हवा. १९०० साली तिथे नागरी कायदा लागू झाला. त्यानुसार वैवाहिक जीवनातल्या सगळ्या बाबतींत अखेरचा शब्द नवऱ्याचा होता. घर सांभाळणं हे बायकोचं कायदेशीर कर्तव्य होतं. बायको नोकरी करत असेल, तर न्यायाधिकाऱ्याची परवानगी मिळवून नवरा तिच्या वतीने ती नोकरी संपवू शकत होता. हे नाझींनी केलेलं नव्हतं. नाझी सत्तेवर आले तेव्हा बायकोचं नवऱ्यावरचं अवलंबित्व तयार घरासारखं त्यांच्यापुढे उभं होतं. त्यांनी फक्त त्याला बाहेरून कुलूप लावलं.

१ एप्रिल १९३३ रोजी सबंध जर्मनीत ज्यू दुकानं, वकील, डॉक्टर यांच्यावर बहिष्काराची हाक दिली गेली. लिलीची प्रॅक्टिस त्याच वर्षी थांबली. १९३८ साली तर सगळ्याच ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. म्हणजे आधी तिचं काम गेलं. एकाच पात्रतेची दोन माणसं, एकाच घरातला दवाखाना. आता तो ‘डॉक्टरसाहेबांचा’ दवाखाना आणि ती ‘डॉक्टरसाहेबांची बायको’. गावातली ओळखीची माणसं हळूहळू तिला टाळू लागली. ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिची आई आणि बहीण इंग्लंडला निघून गेल्या. लिली नवरा आणि मुलांसोबत मागे राहिली.

सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यू आणि ‘जर्मन रक्ताची’ माणसं यांच्यात नवीन लग्नं करायला बंदी झाली आणि लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांनाही. या कायद्याच्या एका कलमाकडे तुमचं लक्ष वेधते. निषिद्ध शरीरसंबंधांसाठी शिक्षा होती ती फक्त पुरुषाला. बाई ज्यू असो की जर्मन, कायद्याच्या अक्षरात तिला शिक्षा नव्हती. आपल्याला हा युक्तिवाद परका नाही. आपल्या भारतीय दंडविधानातलं ४९७ कलम व्यभिचाराबद्दल असंच बोलत होतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ‘बाईला शिक्षा नाही’ हे ऐकायला सवलतीसारखं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की बाई ही करणारी नाहीच, तिच्याबाबतीत केलं जातं. ती शेत, पेरणारा गुन्हेगार की मालक एवढाच वाद. आणि ही सवलतही फसवीच निघाली. १९३७ च्या एका गुप्त आदेशाने ठरलं की अशा खटल्यात जर्मन पुरुषाला शिक्षा झाली, की संबंधित ज्यू स्त्रीला ‘संरक्षक कोठडीत’ घ्यायचं. संरक्षक कोठडी म्हणजे छळछावणी. शब्द नेहमी संरक्षणाचाच वापरतात, हे आपल्यापैकी सुधारगृहं पाहिलेल्या मैत्रिणींना मी काय सांगावं?

आधी झालेली लग्नं मात्र कायद्याने मोडली नाहीत. डिसेंबर १९३८ मध्ये अशा लग्नांची प्रतवारी ठरली. काहींना ‘विशेष सवलतीचे मिश्र विवाह’ म्हटलं गेलं. नवरा जर्मन, बायको ज्यू आणि मुलं ज्यू म्हणून वाढवलेली नसली तर सवलत. नवरा जर्मन, बायको ज्यू आणि मूलच नाही, तरी सवलत. पण नवरा ज्यू, बायको जर्मन आणि मूल नाही, तर सवलत नाही. का? कारण घर पुरुषाचं. पुरुष जर्मन तर घर जर्मन. पुरुष ज्यू तर घर ज्यू. वंशाचं एवढं अवडंबर माजवणाऱ्या राज्यानेसुद्धा घराची जात नवऱ्यावरूनच ठरवली! पितृसत्ता आणि वंशद्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मानणाऱ्यांनी हे एक कोष्टक जरूर पाहावं.

तर लिली या सवलतीच्या रकान्यात बसत होती. १९४१ च्या सप्टेंबरपासून ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा शिवावा लागत होता, त्यातून ती सुटली. त्याच हिवाळ्यापासून ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे नेणं सुरू झालं, त्यातूनही सुटली. कासेलहून पहिली मोठी गाडी डिसेंबर १९४१ मध्ये रिगाला गेली, दुसरी जून १९४२ मध्ये, तिसरी सप्टेंबर १९४२ मध्ये टेरेझिनश्टाटला. लिली आपल्या घरात होती. तिला वाचवत होता तो लग्नाचा दाखला. पण तो दाखला तिच्या एकटीच्या हातात नव्हता.

एर्न्स्टचे याच काळात दवाखान्यात मदतीला आलेल्या एका डॉक्टर स्त्रीशी संबंध जुळले. त्या स्त्रीला मूल झालं. ८ ऑक्टोबर १९४२ रोजी लिली आणि एर्न्स्टचा घटस्फोट झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याने दुसरं लग्न केलं. कासेलहून तिसरी गाडी गेल्याला जेमतेम महिना झाला होता. मैत्रिणींनो, नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं, ही जगातली सगळ्यात जुनी तक्रार आहे. आपल्या सल्ला केंद्राच्या बाकावर रोज बसते ती. एरवी या दुःखाची किंमत असते एकटेपण, पोटगीसाठी खेटे, मुलांची ओढाताण. तीही कमी नाही. पण इथे राज्यसंस्थेने नवऱ्याच्या मनाला एक वेगळंच सामर्थ्य दिलेलं होतं. त्याने नातं संपवलं की तिच्यापुढे उघडणारा रस्ता रेल्वेच्या फलाटाकडे जात होता.

घटस्फोटानंतर लिली काही महिने मुलांसह इम्मेनहाउझेनलाच राहिली. जुलै १९४३ मध्ये गावातल्या नाझी कारभाऱ्यांच्या दबावामुळे तिला गाव सोडावं लागलं. पाच मुलं घेऊन ती कासेलमध्ये एका भाड्याच्या जागेत आली. धाकटी मुलगी अवघी तीन वर्षांची. नव्या घराच्या घंटीशेजारी तिने आपलं कार्ड लावलं. त्यावर लिहिलेलं होतं : डॉक्टर लिली यान.

हाच तिचा गुन्हा ठरला. १९३९ च्या सुरुवातीपासून प्रत्येक ज्यू स्त्रीला आपल्या नावात ‘सारा’ हे नाव घालणं सक्तीचं होतं. ते त्या कार्डावर नव्हतं. आणि ज्यूंना वापरायला मनाई असलेली ‘डॉक्टर’ ही पदवी मात्र होती. कोणीतरी चुगली केली. ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस गेस्टापोने तिला पकडलं.

या पाटीपाशी मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. आपल्या चळवळीत दारावरच्या पाटीवर बाईचं नाव असावं म्हणून आपण किती बोललो, किती जणांची थट्टा ऐकली! ‘एवढ्याशा पाटीने काय होतं?’ असं आपल्याला विचारलं जायचं. लिलीने ते कार्ड लावलं तेव्हा तिच्याकडे दवाखाना नव्हता, परवाना नव्हता, नवरा नव्हता. होतं ते स्वतः मिळवलेलं शिक्षण आणि आपलं नाव. वीस वर्षांत तिच्यावर मुलगी, बायको, आई, ज्यू, सवलतीची ज्यू, घटस्फोटिता अशी किती लेबलं लागली. त्यांतलं एकही त्या कार्डावर नव्हतं. राज्यसंस्थेला नेमकं तेच सहन झालं नाही. पाटीने काय होतं याचं उत्तर हुकूमशहांना नेहमीच आपल्याआधी कळलेलं असतं.

तिला कासेलच्या दक्षिणेला ब्रायटेनाउ इथल्या श्रमछावणीत ठेवलं. तिथून तिला औषधांच्या एका कारखान्यात कामाला नेत. मागे मुलं उरली. थोरला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, विमानविरोधी तोफांवर मदतनीस म्हणून भरती केलेला. म्हणजे ज्या राज्याने आईला तुरुंगात टाकलं, त्याच राज्याच्या तोफेवर मुलगा! घर सांभाळलं चौदा वर्षांच्या मुलीने. ऑक्टोबर १९४३ मध्ये कासेलवर प्रचंड बॉम्बहल्ला झाला, त्यात ती जागाही गेली. मुलं परत इम्मेनहाउझेनला, बापाच्या दुसऱ्या बायकोच्या आश्रयाला आली.

या काळात मुलांनी आईला सुमारे अडीचशे पत्रं लिहिली. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. त्यांत मोठे विचार वगैरे काही नाहीत. शाळा, गुण, धाकटीचे बोल, शिळा-ताजा ब्रेड, मोजे, सायरन. आई छावणीतून उत्तरं पाठवते. अधिकृत मोजकी, बाकीची चोरून. स्वतः उपाशी, थंडीने गारठलेली, आणि घर मात्र पत्रांतून चालवते आहे. मार्च १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला पाठवलं. त्याआधी तिने मुलांची सगळी पत्रं छावणीबाहेर काढून घरी पोचती केली. जून १९४४ मध्ये ती ऑश्विट्झमध्ये मरण पावली. वय चव्वेचाळीस.

आता तुम्ही म्हणाल, हा एका भेकड नवऱ्याचा प्रश्न झाला. सगळे तसे नव्हते. बरोबर आहे, आणि ती उदाहरणंही पाहिलीच पाहिजेत. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची पत्नी गेरट्रूड ज्यू होती. त्यांनी तिला सोडलं नाही. १९३७ साली त्यांची प्राध्यापकी गेली. पकडायला आले तर एकत्र मरायचं म्हणून दोघांनी घरात विष ठेवलं होतं. एप्रिल १९४५ च्या मध्यावर त्यांना नेण्याचं ठरलेलं होतं. त्याआधी दोन आठवडे अमेरिकन सैन्य हायडेलबर्गमध्ये पोचलं म्हणून दोघं वाचली. योआखिम गोटशाल्क हा लोकप्रिय नट. त्याची पत्नी मेटा वोल्फ ज्यू होती, तीही नटी. घटस्फोट घे असा दबाव त्याच्यावर आणला गेला. त्याने घेतला नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये नवरा-बायकोने आपल्या लहान मुलासह जीवन संपवलं. फ्रायबुर्गच्या लेखिका लोटे पेप्के यांच्या जर्मन नवऱ्यानेही साथ सोडली नाही; युद्धाच्या अखेरीस त्या मुलासह एका मठात लपून राहिल्या आणि वाचल्या.

बायकांचंही सांगितलं पाहिजे. बर्लिनमध्ये फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस जर्मन बायकांचे ज्यू नवरे पकडून रोझेनश्ट्रासे नावाच्या रस्त्यावरच्या एका इमारतीत कोंडले. त्या बायका थंडीत दिवसेंदिवस त्या इमारतीसमोर उभ्या राहिल्या. ‘आमचे नवरे परत द्या’ एवढीच मागणी. बहुतेक पुरुष सुटले. त्यांना पूर्वेकडे पाठवण्याचा सरकारचा तेव्हा खरोखर बेत होता की नाही यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण त्या वर्षी, त्या शहरात बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या यावर वाद नाही.

यास्पर्स चांगला, एर्न्स्ट वाईट, असा निकाल देऊन आपण घरी जाऊ शकतो. मला तो पुरेसा वाटत नाही. एर्न्स्टला मी माफ करत नाही. डॉक्टर होता, डोळे उघडे होते, कासेलचे ज्यू कुठे गेले हे सगळं शहर पाहत होतं. पण जिथे सामान्य माणसाच्या सामान्य दुबळेपणाने एक बाई मरते आणि फक्त असामान्य माणसाची बायकोच वाचू शकते, तिथे दोष केवळ दुबळेपणाचा नसतो. यास्पर्सची पत्नी जगली याचा मला आनंद आहे. पण तीसुद्धा हक्काने जगली नाही, नवऱ्याच्या निष्ठेने आणि अमेरिकन रणगाड्यांच्या वेगाने जगली. निष्ठा ही सुंदर गोष्ट आहे. नागरिकत्वाची जागा तिला देऊ नये. ज्या दिवशी लिलीचा परवाना काढून घेतला, त्या दिवशी तिचं नागरिक म्हणून असणं संपत आलं आणि ती फक्त कोणाची तरी बायको उरली. पुढचं सगळं त्यातून आलं.

या कथेला एक पुढचा भाग आहे. लिलीचा मुलगा, तो तोफेवरचा मुलगा, गेरहार्ड यान, वकील झाला, राजकारणात गेला आणि १९६९ ते १९७४ पश्चिम जर्मनीचा कायदामंत्री होता. त्याच्या कारकिर्दीत विवाह आणि घटस्फोट कायद्याच्या सुधारणेचा मसुदा तयार झाला. तो १९७६ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९७७ पासून लागू झाला. घर सांभाळणं हे फक्त बायकोचं कर्तव्य, ही तरतूद त्याने गेली. घटस्फोटात दोष कोणाचा हे शोधणं थांबलं. लग्नाच्या काळात दोघांनी मिळवलेल्या निवृत्तिवेतनाच्या हक्कांची घटस्फोटाच्या वेळी वाटणी होऊ लागली, म्हणजे घरात राबलेल्या बाईच्या वर्षांचा हिशेब झाला. आईमुळे त्याने हे केलं असं मी म्हणणार नाही. ती मागणी जर्मन स्त्रियांची होती, अनेक दशकांची होती. त्याने स्वतः आईबद्दल जाहीरपणे बोलणं टाळलं. १९९८ मध्ये तो गेल्यावर त्याच्या सामानात ती पत्रं सापडली. लिलीच्या नातवाने, पत्रकार मार्टिन डॉरी यांनी, २००२ मध्ये त्यांचं पुस्तक केलं.

आपल्याकडे राज्यसंस्था कोणाला छावणीत पाठवण्यासाठी नवऱ्याच्या घटस्फोटाची वाट पाहत नाही, म्हणून तुलना ताणायला नको. ऑश्विट्झची बरोबरी कशाशीच करू नये. पण रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर नवऱ्याची सही, असं आयुष्य जगणाऱ्या बाया आपल्या ओळखीच्या आहेत. ‘तो चांगला आहे हो, काही त्रास नाही’ असं त्या म्हणतात, आणि तो खरंच चांगला असतोही. तो चांगला आहे म्हणूनच हे आज करायला हवं, असं आपण त्यांना सांगायला हवं. कागदावर नाव घालण्याची वेळ नातं बिघडल्यावरची नसते.

चर्चेसाठी दोन प्रश्न ठेवते आणि थांबते. पहिला : परदेशी, निर्वासित किंवा कागदपत्रं नसलेल्या कितीतरी स्त्रियांचा एखाद्या देशात राहण्याचा हक्क आजही नवऱ्याच्या हक्काला जोडलेला असतो, त्यांचा प्रश्न आपण आपला मानतो का? दुसरा : तुमच्यापैकी किती जणींच्या दारावर तुमचं नाव आहे? हात वर करायची गरज नाही. घरी गेल्यावर पाहा.